खुर्ची बदलायची की माणूस? कामाच्या ठिकाणचं 'वेलनेस' समजून घेताना

एचआरकडून मेल येतो. पुढचे तीस दिवस रोज दहा हजार पावलं चालायची, फोनमध्ये अ‍ॅप टाकून घ्यायचं, ज्याची पावलं सगळ्यात जास्त भरतील त्याला बक्षीस. सोबत दर शुक्रवारी स्ट्रेचिंगचा वर्ग आणि महिनाअखेरीला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलची मोफत तपासणी. मेल वाचणाऱ्याची मान सकाळपासून अवघडलेली आहे, कारण त्याचा लॅपटॉप टेबलावर ठेवलेला आहे आणि तो आठ-नऊ तास मान खाली घालून त्यात बघत असतो. तो उत्साहाने नाव नोंदवतो. तीस दिवसांनी पावलं वाढलेली असतात, मान मात्र दुखतेच आहे.

असे उपक्रम आता मोठ्या कार्यालयांपुरते राहिलेले नाहीत. कारखाने, रुग्णालयं, गोदामं, दुकानांच्या साखळ्या, सगळीकडे ते पोचले आहेत. त्यांच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, यात घातलेला पैसा कित्येक पटींनी परत येतो. कुणी म्हणतं, हा नुसता देखावा आहे. दोन्ही मतांमागे आकडे आहेत, म्हणूनच सामान्य नोकरदार गोंधळतो. हा गोंधळ सुटू शकतो, पण त्यासाठी आधी थोडं शरीराकडे आणि मग थोडं मोजमापाकडे बघावं लागतं.

## वेलनेस प्रोग्रॅम म्हणजे नेमकं काय?

नोकरी देणाऱ्याने कर्मचाऱ्यांची तब्येत चांगली राहावी म्हणून चालवलेला कोणताही उपक्रम या नावाखाली येतो. व्यायामाचे वर्ग, धूम्रपान सोडायला मदत, वजन कमी करण्याच्या स्पर्धा, तपासणी शिबिरं, डोळ्यांना विश्रांतीची आठवण करून देणारी अ‍ॅप्स, चांगल्या खुर्च्या, कामातल्या सुट्ट्या, हे सगळं एकाच टोपलीत टाकलं जातं. गोंधळाची सुरुवात इथूनच होते. या टोपलीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काही उपक्रम माणसाला बदलायला बघतात, म्हणजे त्याने जास्त चालावं, ताठ बसावं, कमी गोड खावं. काही उपक्रम काम बदलतात, म्हणजे टेबलाची उंची, उचलायचं वजन, यंत्राचा आवाज, शिफ्टची वेळ. दोन्हींचं नाव एक असलं तरी परिणाम एक नाहीत.

जाता जाता दहा हजार पावलांबद्दल. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर पसरला. चालण्याचे फायदे खरे आहेत, पण ते त्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात. नऊ हजारांवर अडकलेल्या कुणीही मन खट्टू करून घेऊ नये.

## कामाने शरीर का दुखतं?

हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. इटलीतल्या मोदेना इथले वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना सांगितलं की रुग्णाला नेहमीच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, 'तुम्ही काम काय करता?' कारकुनांच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हाताची सारखी तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तीनशे वर्षांत यात भर घालण्यासारखं फार थोडं आहे. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्याने कष्टाने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं. थोड्याच दिवसांत डाव्या हाताचीही तीच गत झाली. माणूस बदलला, हातसुद्धा बदलला, पण काम तेच राहिलं.

शरीरात काय होतं ते घरबसल्या करून बघता येतं. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हात सरळ पुढे करून धरा. एक किलो म्हणजे काहीच नाही, पण दोन-तीन मिनिटांत खांदा भरून येतो. तीच बाटली वरखाली करत राहिलात तर हात जास्त वेळ टिकतो. स्नायू आवळतो आणि सैल होतो तेव्हा त्यातून रक्त खेळतं. तो सतत आवळलेलाच राहिला तर आतल्या रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पोचतो आणि स्नायू कुरकुरायला लागतो. काहीही न उचलता केवळ एकाच स्थितीत राहिल्याने येणाऱ्या या भाराला 'स्थिर भार' म्हणतात. आपलं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असेल तर मणके त्याला तोलून धरतात. पुढे झुकलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं, बाटली धरलेल्या हातासारखं, फक्त दोन-तीन मिनिटांऐवजी आठ-नऊ तास.

मणक्यांमधल्या चकत्यांचंही असंच आहे. मोठ्या माणसात या चकत्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या पेशींतून झिरपत येणाऱ्या पोषणावर त्या जगतात आणि हालचालीने ही देवघेव सुरळीत राहते. डोळ्यांची गोष्ट तर आणखी साधी. पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळ्यांवरचं पाणी वाळतं आणि ते चुरचुरतात. म्हणून नेत्रतज्ज्ञ सांगतात की दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा.

## बसचा चालक, वाहक आणि पँटचं माप

कामाचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्याने वरखाली. एकच बस, एकच रस्ता, पगार आणि राहणीमानही जवळपास सारखं. तरीही वाहकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण चालकांपेक्षा बरंच कमी होतं. बैठ्या कामाचा धोका इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवला नव्हता.

पण मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. 1956 मध्ये याच गटाने गणवेशांची मापं तपासली. चालकांच्या पँटचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा जास्त होता, आणि हा फरक तरुण चालकांमध्येही होता. म्हणजे जाड माणसं चालकाच्या कामाला आणि सडपातळ माणसं वाहकाच्या कामाला आधीपासूनच जास्त जात असणार. मग हृदयविकारातला किती फरक बसण्यामुळे आणि किती मुळातल्या शरीरामुळे? स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षावर संशोधकांनी स्वतः प्रश्न उभा केला, याचं मला फार मोल वाटतं. हालचालीचा फायदा पुढे इतर अनेक अभ्यासांनी पक्का केला. पण दोन गटांची तुलना करताना मुळात कोण कुठल्या गटात गेलं हे विचारायची सवय लागली नाही, तर आपली फसगत होते. वेलनेसच्या आकड्यांचं नेमकं तेच झालं.

## मग या कार्यक्रमांनी गुण येतो की नाही?

2010 मध्ये हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष जबरदस्त होता. वेलनेसवर एक डॉलर खर्च केला की वैद्यकीय खर्चात सुमारे 3.27 डॉलर आणि गैरहजेरीमुळे होणाऱ्या नुकसानीत सुमारे 2.73 डॉलर वाचतात. हे आकडे प्रत्येक सादरीकरणात झळकू लागले. अडचण अशी होती की त्यातल्या अनेक अभ्यासांमध्ये कार्यक्रमात आपणहून आलेल्या लोकांची न आलेल्यांशी तुलना होती. सकाळी सहाच्या व्यायामाच्या वर्गाला आपणहून कोण येतं? ज्याला आधीपासून व्यायामाची आवड आहे तो. वर्षभराने तो इतरांपेक्षा तंदुरुस्त निघाला तर श्रेय वर्गाला द्यायचं का? शाळेतली हुशार मुलं एका खास शिकवणीला गेली आणि पहिली आली, तर शिकवणी चांगली होती की मुलंच हुशार होती, हे नुसत्या निकालावरून कळत नाही.

हे सोडवायचा मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकणं. कुणाला कार्यक्रम मिळणार आणि कुणाला नाही हे आवडीवर न सोडता नशिबावर सोडायचं, म्हणजे दोन्ही गट मुळात सारखे राहतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने 2016 पासून आपल्याच कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग केला. त्यात 4,834 जण सहभागी झाले. तपासणी, वर्ग, स्पर्धा, भाग घेतल्याबद्दल पैसे, सगळं होतं. वैद्यकीय खर्च, गैरहजेरी, व्यायामशाळेत जाणं यांत ठोस फरक दिसला नाही. लोकांनी तपासण्या जास्त करून घेतल्या आणि 'संस्थेला आपल्या तब्येतीची काळजी आहे' असं जास्त जणांना वाटलं, एवढं मात्र झालं. मग संशोधकांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी आपलीच माहिती जुन्या पद्धतीने मांडून बघितली, म्हणजे भाग घेणारे विरुद्ध न घेणारे. लगेच कार्यक्रम फायद्याचा दिसू लागला! लोक तेच, कार्यक्रम तोच, फक्त तुलना करायची रीत बदलली. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा आहे.

एका अमेरिकी दुकानसाखळीत 160 शाखांमधल्या सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांवर याच तऱ्हेचा प्रयोग झाला. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. दीड वर्षानंतर कार्यक्रम मिळालेल्या शाखांमधले जास्त लोक 'आम्ही नियमित व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो' असं सांगत होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खर्च, रजा यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सवय थोडी हलली, शरीर अजून हललं नव्हतं. दीड वर्ष हा काळ कमी असू शकतो, हा आक्षेप रास्त आहे. पण गुंतवणूक पटींनी परत येण्याचं वचन मात्र टिकलं नाही.

## मग काय केल्याने फरक पडतो?

धोका कमी करायची एक उतरंड कामगार-सुरक्षेच्या क्षेत्रात फार पूर्वीपासून वापरली जाते. सगळ्यात वर, धोका मुळातूनच काढून टाका. ते जमत नसेल तर त्याच्या जागी कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणा. तेही नाही जमलं तर यंत्रात किंवा जागेत बदल करून धोका माणसापासून दूर ठेवा. त्याच्या खाली नियम, पाळ्या आणि प्रशिक्षण. सर्वांत शेवटी इअरप्लग, हातमोजे, हेल्मेट यांसारखी अंगावर घालायची साधनं. वरच्या उपायांना माणसाच्या शिस्तीची गरज कमी लागते. खालचे उपाय माणसाने रोज, प्रत्येक वेळी, न चुकता पाळले तरच चालतात. छप्पर गळतंय तर कौल बदलता येतं किंवा घरातल्या सगळ्यांना बादली सरकवायचं प्रशिक्षण देता येतं. पावलांची स्पर्धा आणि स्ट्रेचिंगचा वर्ग या उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर बसतात.

ओझं उचलण्याचं उदाहरण घेऊ, कारण कंबर धरणं हे सगळ्यांत जास्त ऐकू येणारं दुखणं आहे. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या सूत्रात, अगदी आदर्श स्थितीत उचलायच्या वजनाची शिफारस 23 किलोची आहे. आदर्श स्थिती म्हणजे ओझं शरीराला लगटून, कमरेच्या जरा खालच्या उंचीवर, अंग न पिळता, अधूनमधूनच. यातली एकेक अट मोडली की आकडा घसरतो. ओझं शरीरापासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटर लांब असेल तर 23 चे साडेअकरा किलो होतात. मूल कडेवर घेतलं तर तासभर फिरता येतं, हात लांब करून धरलं तर मिनिटभरही नाही, हेच ते गणित. आता बघा, खोल खोक्याच्या तळातून वस्तू काढणाऱ्या माणसाला 'गुडघे वाकवून उचला' असं शिकवून किती उपयोग होणार? खोकंच मध्ये आडवं येतं. खोकं उथळ केलं, तिरपं ठेवलं किंवा कमरेच्या उंचीवर आणलं की शिकवायची गरजच उरत नाही. उचलण्याचं तंत्र शिकवल्याने पाठदुखी टळते का, यावरच्या अभ्यासांचे पद्धतशीर आढावे झाले आहेत, आणि नुसत्या प्रशिक्षणाने ती टळते असा पुरावा त्यांना मिळालेला नाही. तरी सगळ्यात जास्त पोस्टर याच विषयावर लागतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आवाजाचंही तसंच. आठ तासांसाठी 85 डेसिबल ही बहुतेक ठिकाणी शिफारस केलेली मर्यादा आहे. डेसिबलचं माप फसवं असतं, फक्त 3 ने वाढलं की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. 88 ला चार तास, 91 ला दोन. अशा जागी कानाची तपासणी करणं योग्यच आहे, पण तपासणी म्हणजे किती ऐकू येईनासं झालं याची नोंद. यंत्राचा सैल पत्रा आवळणं हा उपाय.

## उभं राहून काम करायचं टेबल घेतलं की झालं?

बसणं वाईट म्हणून उभं राहणं चांगलं, असा सरळ हिशोब शरीर मानत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सात हजारांहून अधिक कामगारांचा बारा वर्षं मागोवा घेतला गेला. बहुतांश उभं राहून काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण बहुतांश बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळलं. सतत उभं राहिलं की पायांत रक्त साचतं, शिरा फुगतात, पायात गोळे येतात. दुकानात किंवा यंत्रापुढे दिवसभर उभं राहणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. त्यांच्यासाठी एक साधं स्टूल हाच खरा वेलनेस प्रोग्रॅम ठरेल.

उंची बदलणारं टेबल उपयोगी पडतं ते स्थिती बदलता येते म्हणून. तसं टेबल नसेल तरी अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटं चालता येतं. बैठकीची मांडणी फार अवघड नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, पडदा हातभर अंतरावर, कोपर अंगालगत आणि साधारण काटकोनात, पाय जमिनीवर टेकलेले. लॅपटॉपवर हे जमतच नाही, कारण पडदा वर घेतला की कळफलकही वर येतो. त्यामुळे वेगळा कळफलक आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं, एवढ्याने सुरुवातीच्या त्या माणसाची मान मोकळी व्हायला लागेल.

बसण्याची भरपाई व्यायामाने होते का? दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं 2016 मध्ये विश्लेषण झालं. रोज 60 ते 75 मिनिटं झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याशी जोडलेला अकाली मृत्यूचा वाढीव धोका जवळपास नाहीसा झालेला दिसला. दिलासा देणारीच गोष्ट आहे. फक्त, दहा तासांच्या कामानंतर आणि दोन तासांच्या प्रवासानंतर ही 75 मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न माणसाच्या इच्छाशक्तीपेक्षा कामाच्या तासांचा आहे.

## 'तब्येत ही ज्याची त्याची जबाबदारी नाही का?'

हा आक्षेप हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. काय खायचं, किती झोपायचं, सिगारेट ओढायची की नाही हे मालकाने ठरवू नये. पण शिफ्ट रात्रीची की दिवसाची, टेबल किती उंच, लघवीला जायला किती वेळ, हे कर्मचारी ठरवत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये अंदाज मांडला की आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम केल्यामुळे झालेल्या पक्षाघात आणि हृदयविकाराने 2016 या एका वर्षात जगभरात 7 लाख 45 हजार लोक दगावले. 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त. असल्या कामावर श्वसनाच्या व्यायामाचं अ‍ॅप पुरं पडणार नाही.

ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासांनी आणखी एक धागा दिला. खालच्या श्रेणीतल्या लोकांमध्ये हृदयविकार जास्त होता, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशोबात धरूनही सगळा फरक भरून निघत नव्हता. पुढे दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचाही त्याच्याशी संबंध आहे. कधी उठायचं, कुठलं काम आधी करायचं, एवढं ठरवायची मुभा ही तब्येतीची बाब आहे, हे मला स्वतःला पचायला वेळ लागला.

## 'खुर्च्या-टेबलं म्हणजे चोचले, आणि खर्च किती!'

आरामाला चोचले म्हणण्याआधी तापमानाचं उदाहरण बघावं. कार्यालयात गारठणारे आणि घामेजणारे यांचा वाद नेहमीचा. खोलीचं तापमान ठरवायची प्रचलित पद्धत 1960 च्या दशकातली आणि त्यात शरीरातल्या उष्णतेचं माप धरलं ते साधारण 40 वर्षांच्या, 70 किलोच्या पुरुषाचं. बाईचं शरीर शांत बसलेलं असताना बहुधा त्याहून कमी उष्णता तयार करतं. शाल पांघरून बसलेल्या सहकारी नाजूक नसतात, आकडाच त्यांच्यासाठी काढलेला नव्हता.

खर्चाचं म्हणाल तर वरचे बरेच उपाय स्वस्त आहेत. स्टूल, पायाखाली ठोकळा, खोक्याखाली फळी, आवळलेला पत्रा.

तपासणी शिबिरं बंद करावीत असं मी म्हणणार नाही. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतो आणि असा एखादा माणूस शिबिरातच सापडतो. पण तपासणीचा आकडा फक्त त्या माणसाला आणि त्याच्या डॉक्टरला कळावा. माझी साखर माझ्या साहेबाला दिसणार असेल तर मी शिबिरालाच जाणार नाही, आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे तोही नेमका जाणार नाही.

## सुरुवात कुठून करायची?

कामगारांच्या सुरक्षा समित्या एक सोपी पद्धत वापरतात. भिंतीवर माणसाच्या शरीराचं मोठं रेखाचित्र लावायचं, पुढून एक आणि मागून एक. एकाच विभागातल्या प्रत्येकाने, नाव न लिहिता, आपलं दुखतं तिथे ठिपका काढायचा. एखादा ठिपका इकडे, एखादा तिकडे असेल तर ते ज्याचं त्याचं दुखणं असू शकतं. पण बारा जणांपैकी नऊ जणांचे ठिपके उजव्या मनगटावर गोळा झाले, तर त्या नऊ जणांना व्यायाम सांगण्याआधी ते ज्या टेबलाशी उभे राहतात तिथे जावं, शेजारी उभं राहून तेच काम अर्धा तास स्वतः करावं, आणि मग त्यांना विचारावं की इथे काय हलवलं तर बरं पडेल. उत्तर त्यांच्याकडे बहुतेक वेळा तयार असतं.